स्नॅपशॉट काढताना 'ॲक्सेस डिनाइड': एनएफएसवरच्या इलॅस्टिकसर्च बॅकअपबद्दल सल्ला हवा

धागाकर्ता:
इलॅस्टिकसर्च (सर्च इंजिन) ७.१७, तीन नोड (सर्व्हर), तिन्ही मास्टर (क्लस्टर, म्हणजे नोडचा गट, सांभाळणारा नोड) होऊ शकतात. बॅकअप (स्नॅपशॉट) एनएफएसवर (नेटवर्कवरची सामायिक डिस्क), एफएस म्हणजे फाईल सिस्टिम प्रकारच्या रिपॉझिटरीत (स्नॅपशॉट साठवायची जागा). तिसरा नोड गेल्या महिन्यात नव्याने उभा केला, सध्या मास्टर तोच आहे. तेव्हापासून जुना स्नॅपशॉट डिलीट केला की यादीतून जातो, पण डिस्क रिकामी होत नाही. लॉगमध्ये इंडायसेस फोल्डरच्या आतल्या फायलींवर ॲक्सेस डिनाइड एक्सेप्शन. रोजचे स्नॅपशॉटही पार्शल (अर्धवट) होताहेत. रिपॉझिटरीच्या मुख्य फोल्डरला ७७७ (सगळ्यांना लिहिण्याची परवानगी) दिलंय. डिस्क ९१ टक्के भरली. जुन्या तारखांच्या फायली आरएमने (फाईल काढायची कमांड) उडवू का?

प्रतिसाद १:
कृपा करून आरएम चालवू नका. स्नॅपशॉट इन्क्रिमेंटल असतात (फक्त नवं तेवढंच साठवतात), सहा महिन्यांपूर्वीची फाईल कालच्या स्नॅपशॉटलाही लागत असते. आज काही बिघडल्यासारखं दिसणार नाही, पण रिस्टोअरच्या दिवशी शार्ड (डेटाचा तुकडा) उभा राहणार नाही.

आधी तिन्ही नोडवर इलॅस्टिकसर्च युजरचा यूआयडी आणि जीआयडी (युजरचा आणि ग्रुपचा आकडा) बघा. नाव सारखं असून भागत नाही, एनएफएसला फक्त आकडा कळतो. फोल्डरची यादीही एलएस कमांडला एल आणि एन पर्याय देऊन काढा, म्हणजे मालकाच्या नावाऐवजी आकडा दिसेल.

धागाकर्ता:
पहिल्या दोन्हींवर ९९६, तिसऱ्यावर ९९४. आतले फोल्डर सगळे ९९६ चे, परवानगी ७५५ (लिहिणं फक्त मालकाला).

प्रतिसाद १:
मग उलगडा झाला. शार्डचा डेटा ज्या नोडवर त्याची प्रायमरी (मूळ प्रत) आहे तो नोड लिहितो, डिलीट मात्र मास्टर करतो. फाईल काढायला फाईलवर नव्हे, ती ज्या फोल्डरात आहे त्यावर लिहिण्याची परवानगी लागते. मुख्य फोल्डर ७७७ असल्याने मास्टरला नवी इंडेक्स-एन यादी (रिपॉझिटरीतल्या स्नॅपशॉटची नोंद) लिहिता आली आणि स्नॅपशॉट दिसेनासा झाला. आतले फोल्डर ७५५, तिथे ९९४ ला मज्जाव. पार्शलचं कारणही हेच. सगळीकडे ७७७ मारून उपयोग नाही, उद्या बनणारे फोल्डर पुन्हा ७५५ च होतील.

एसएलएम (ठरल्या वेळी आपोआप स्नॅपशॉट काढणारी सोय) थांबवा, चालू स्नॅपशॉट संपू द्या. तिसऱ्या नोडवर इलॅस्टिकसर्च बंद करा, ९९६ तिथे दुसऱ्या कुणाला दिलेला नाही ना ते बघा आणि यूजरमॉड, ग्रुपमॉडने आकडे जुळवा. यूजरमॉड फक्त होम फोल्डरची मालकी बदलतो, त्यामुळे डेटा आणि लॉगचे फोल्डर चोनने (मालक बदलायची कमांड) आणि कॉन्फिगचा ग्रुप चजीआरपीने हाताने बदला. हे विसरलात तर नोड सुरूच होणार नाही.

रिपॉझिटरीवरचा चोन एनएफएस सर्व्हरवरच करा. रूट स्क्वॉश (दुसऱ्या मशीनवरच्या रूटचे अधिकार काढून घेणारं सेटिंग) असेल तर क्लायंटवरचा रूट तिथे 'नोबडी' ठरतो.

नोड सुरू झाल्यावर व्हेरिफाय एपीआय चालवा. त्यात मास्टर टेस्टचा फोल्डर बनवतो आणि बाकीचे नोड त्यात आपापली फाईल लिहितात, आकडे जुळत नसतील तर तिथेच अडकतं. मग क्लीनअप एपीआय, तो ७.४ पासून आहे. कुठल्याही स्नॅपशॉटला न लागणाऱ्या फायली तोच काढतो, उत्तरात किती बाइट आणि किती ब्लॉब (फायली) गेले ते येतं. शेवटी एसएलएम पुन्हा सुरू करायला विसरू नका.

प्रतिसाद २:
हा धागा पुढे शोधत येणाऱ्यांसाठी: एरर नीट वाचा. 'ऑपरेशन नॉट परमिटेड' असेल तर फोल्डरवर स्टिकी बिट (फाईल मालकालाच काढू देणारा) किंवा फाईलवर इम्यूटेबल ॲट्रिब्यूट (बदलच होऊ न देणारा) बघा. 'डिरेक्टरी नॉट एम्प्टी' असेल तर आत डॉट-एनएफएसने सुरू होणारी फाईल सापडेल. उघडी फाईल काढली की एनएफएस क्लायंट तिचं नाव बदलून ठेवतो. ती कुणी धरून ठेवलीय ते त्याच मशीनवर एलएसओएफने (उघड्या फायली दाखवणारी कमांड) बघा, बहुतेकदा व्हायरस स्कॅनर किंवा बॅकअप एजंट असतो.

एसथ्रीवर (ॲमेझॉनची क्लाउड साठवण) असाल तर पॉलिसीत डिलीट-ऑब्जेक्टची परवानगी आहे का ते आधी तपासा. बकेटच्या लाइफसायकल नियमाने फायली वयानुसार उडवू नका, ग्लेशियरमध्येही (तिथली अर्काइव्ह साठवण) ढकलू नका.

प्रतिसाद ३:
हीच रिपॉझिटरी दुसऱ्या क्लस्टरलाही, म्हणजे टेस्टिंगला वगैरे, जोडली आहे का? असेल तर तिथे रीडओन्ली करा. दोन क्लस्टर लिहायला लागले की यादीच बिघडते, मग परवानग्या कितीही नीट असोत.

धागाकर्ता:
टेस्टिंग क्लस्टर जोडलेला आहे, आणि रीडओन्ली नाही. आधी तिथे रीडओन्ली करतो, मग नोड बंद करतो.