विषय: घर बंद, होज (पाण्याचा पाइप) नळालाच, लॉनचं काय करू? (मुक्काम पुणे)

नमस्कार मंडळी,

सहकारनगरहून लिहितोय. दिवाळीपुरते तीन आठवडे आलो होतो, पण आईच्या मोतीबिंदूची तारीख पुढे गेली आणि आता आम्ही दोघंही नोव्हेंबर संपेपर्यंत इथेच. निघायच्या गडबडीत तुळस आणि कढीपत्ता आठवणीने आत घेतले (कढीपत्त्याची पानं साबणाच्या पाण्याने पुसून, नाहीतर चिकटा घरभर), आणि मागच्या नळाला लावलेला होज तसाच राहिला! इथे दुपारी पंखा लावून शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलचं हवामान बघतोय, पुढच्या आठवड्यात रात्री २२ फॅरनहाइट, म्हणजे उणे पाच-सहा सेल्सियस. लॉनवर मेपलची पानं घोट्याएवढी असणार, शेवटचं मोइंग नाही, खताची बॅग गॅरेजमध्ये न फोडलेली.

आईला म्हटलं बाग थंडीसाठी झोपवायची राहिली, तर म्हणे झोपवायची कशाला, आत्ता तर बहर येतो. तिच्या गुलाबांची छाटणी दसऱ्याला झाली, आता कळ्या धरल्यात, शेवंती फुललीय. तिला काय सांगणार.

यातलं काय काय डिसेंबरपर्यंत थांबेल?

– माजी खजिनदार

---

अरे, बाकी सगळं राहू दे, आधी तो होज. मीही सध्या कोथरूडलाच आहे, फोन केला असतास तरी चाललं असतं, पण हे सगळ्यांनीच वाचावं म्हणून इथे लिहितो.

तू म्हणशील नळ फ्रॉस्टप्रूफ आहे, थंडीत न गोठणारा. आमचाही होता. त्या नळाची खरी झडप बाहेर नसते, भिंतीच्या आत वीतभर किंवा थोडी जास्तच आत उबेला असते, नळ बंद केला की पुढच्या नळीतलं पाणी उताराने बाहेर पडून जातं, एवढीच त्याची करामत. होज लावून ठेवला की ते पाणी बाहेर पडत नाही, गोठतं, फुगतं आणि तांब्याची नळी भिंतीतच उभी चिरते. आणि लबाडी अशी की हिवाळाभर काही कळत नाही, कारण मागची झडप बंदच असते. एप्रिलमध्ये मी झाडांना पाणी घालायला नळ उघडला, बाहेर धार करंगळीएवढी, मी आपला प्रेशर कमी झालं म्हणून अजून पिळतोय, तेवढ्यात बेसमेंटमधून बायकोची हाक. कार्पेट गेलं, ड्रायवॉल गेली आणि मंडळाचं गणपतीचं मखरही त्यातच भिजलं. त्या वर्षी अचानक नवीन मखर का झालं ते आता कळलं असेल.

गवताची काळजी नको. आईच्या अंगणातली हरळी उन्हाळ्याची, थंडीत ती रुसते. तिकडचं केंटकी ब्लूग्रास उलट्या स्वभावाचं, त्याला सप्टेंबर-ऑक्टोबरची थंडी मानवते, तेव्हाच ते मुळं धरतं. ते नाही मरत.

– कोथरूडचे काका

---

काका, मखराचं गुपित पंधरा वर्षं पोटात ठेवलंत!! 😄

दादा, मी शनिवारी जाते तुमच्याकडे, मुलगा येईल मदतीला. होज काढते, बेसमेंटमध्ये त्या लाइनचा व्हॉल्व्ह असेल तर तो बंद करून बाहेरचा नळ उघडाच ठेवते म्हणजे उरलंसुरलं निथळेल. ऑटोमॅटिक स्प्रिंकलर आहेत का तुमच्याकडे? असतील तर ते माझ्याच्याने नाही होणार, कंप्रेसरवाल्याला बोलवावं लागेल, गॅरेजमधल्या छोट्या कंप्रेसरने लांब लाइनमधलं पाणी पूर्ण निघत नाही, आम्ही करून बघितलंय.

पानं बॅगेत भरत बसणार नाही. अर्धी ओढून वाफ्यांवर टाकते, उरलेल्यांवर कोरड्या दिवशी मोअर दोनदा फिरवला की चुरा होऊन गवतात जिरतात. पण तशीच ठेवून चालणार नाही, बर्फाखाली त्यांचा ओला लगदा होतो आणि मार्चमध्ये गोल गोल करडे डाग दिसतात ना, तो स्नो मोल्ड, बर्फाखालची बुरशी. गवत अडीच इंचावर कापते, फार लांब राहिलं तरी तोच त्रास. खत गवत हिरवं असेल तरच टाकेन, जमीन गोठल्यावर टाकलेलं मुळाशी जातच नाही, पावसाबरोबर गटारात. नाहीतर बॅग राहू दे पुढच्या वर्षाला.

वाफा रिकामा आहे का? माझ्याकडे लसणाच्या पाकळ्या उरल्यात, जमीन अजून मऊ आहे, लावून वर पानं पसरते, जुलैत काढा.

---

ताई, काय बोलू. स्प्रिंकलर नाहीत, तो एकच नळ. लसूण जरूर लावा, कोपऱ्यातल्या टोमॅटोच्या वाफ्यात, वाळलेली झाडं उपटून टाका. आई हे ऐकून पहिल्यांदाच खूश झाली, कारण तिनेही गेल्याच आठवड्यात कुंडीत लसूण लावलाय, फक्त तिचा होळीच्या सुमारास निघेल. कढीपत्त्याला पेलाभरच पाणी घाला, पानं गळतील, घाबरू नका. किल्ली मागच्या डेकच्या

---

अरे थांब, किल्ली कुठे आहे ते लिस्टवर काय लिहितोस, सगळं गाव वाचतंय! ताईला फोन कर. आणि संध्याकाळी इकडे चहाला ये.

– काका