पडद्यावर दोन डबे, फळीवर एकही नाही

बाळूदादा, टोरांटो: सर्वांना सप्रेम नमस्कार. काल मी आपल्या ग्रुपवर एक स्क्रीनशॉट टाकला होता: पडद्यावर दुकानात बिअरचे दोन डबे शिल्लक दिसत होते, प्रत्यक्षात फळीवर एकही नव्हता. त्याबद्दल दोघातिघांनी विचारले, म्हणून सविस्तर लिहितो. कॅनडातल्या आमच्या ऑन्टारियो प्रांतात मद्यविक्रीचा मोठा भाग 1927 पासून एलसीबीओ या सरकारी मंडळाकडे आहे. त्याची साडेसहाशेहून अधिक दुकाने आहेत, प्रत्येक मालाला ठरावीक क्रमांक आहे आणि कोणत्या दुकानात त्या क्रमांकाचे किती नग शिल्लक आहेत, हे मंडळाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. मी लिहिलेला प्रोग्राम घराजवळच्या निवडक दुकानांचे हे आकडे अधूनमधून तपासतो आणि मला हवी असलेली बिअर आली की फोनवर निरोप धाडतो.

सुमाआत्या, पुणे: बिअर हवी तर दुकानात जाऊन विचारावे. एवढ्यासाठी प्रोग्राम लिहिणे म्हणजे डोंगर पोखरून उंदीर काढण्यासारखे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बाळूदादा, टोरांटो: आत्या, नेहमीची बिअर कुठेही मिळते, तिच्यासाठी मीही हा खटाटोप केला नसता. पण इथले लहान उत्पादक हंगामी बिअर थोडीच काढतात. काही दुकानांना 473 मिलिलिटरच्या डब्यांची एकदोनच खोकी येतात आणि ती संपली की पुन्हा येतीलच असे नाही. जानेवारीच्या बर्फात चार दुकाने पालथी घालण्यापेक्षा हे बरे.

नानाकाका, कोल्हापूर: साखर कारखान्याच्या भांडार विभागात माझी नोकरी झाली, त्यामुळे एक शंका विचारतो. बिन कार्डावर, म्हणजे प्रत्येक मालाच्या नोंदपत्रावर, लिहिलेला साठा आणि रॅकवर हाताने मोजलेला साठा यांचा मेळ आमच्याकडे वर्षअखेरच्या मोजणीतही सहजासहजी बसत नसे. मग तुझ्या पडद्यावरच्या आकड्यावर किती भरवसा ठेवावा?

बाळूदादा, टोरांटो: काका, आपण नेमके दुखण्यावर बोट ठेवले. आकडा मोठा असेल तर तो बहुधा खरा ठरतो, मात्र एक किंवा दोन असेल तर दुकानात एकही नग मिळेल याची खात्री नसते. तो डबा कोणाच्या तरी ट्रॉलीत असतो, चेपला म्हणून बाजूला ठेवलेला असतो, चुकीच्या फळीवर गेलेला असतो किंवा फुटूनही नोंद व्हायची राहिलेली असते. शिवाय संकेतस्थळावरचा आकडा त्या क्षणाचाच असेल असे नाही. म्हणून सहापेक्षा कमी नग दिसले तर माझा प्रोग्राम ‘उपलब्ध’ न म्हणता ‘आधी फोन करा’ असे सांगतो.

मुक्ता, नाशिक: दादा, तू सर्व्हरला किती वेळाने विचारतोस? पाच पाच सेकंदांनी विनंत्या गेल्या, तर ते तुला अडवतील आणि त्यांचे चुकले असेही म्हणता येणार नाही.

बाळूदादा, टोरांटो: दुकाने उघडी असताना तासातून एकदाच, तेही जवळच्या मोजक्या दुकानांपुरते. पूर्वी एका प्रोग्रामरने हीच माहिती गोळा करून सर्वांना वापरता येईल अशी खुली, पण अनधिकृत एपीआय, म्हणजे इतर प्रोग्रामना थेट माहिती मागता येईल अशी सोय, चालवली होती. तिच्यावर अनेक छोटी अॅप उभी राहिली. ती बंद झाल्यावर ज्याने त्याने आपापली सोय पाहिली.

मुक्ता, नाशिक: म्हणजे खरे काम तुझ्या प्रोग्रामने केलेले नाही, ते एकाच मालकाच्या एकाच नोंदवहीने केले आहे. आपल्याकडे प्रत्येक बिअर शॉपीचा परवानाधारक वेगळा असतो. साठ्याची नोंद त्यालाही ठेवावी लागते, पण ती उत्पादन शुल्क विभागाला दाखवण्यासाठी असते, गिऱ्हाइकासाठी नसते. नाशिकमध्ये असे काही करायचे, तर आधी दुकानदार राजी करावे लागतील.

बाळूदादा, टोरांटो: अगदी बरोबर, आणि इथेही तीच वेळ येऊ लागली आहे. 5 सप्टेंबर 2024 पासून ऑन्टारियोत कोपऱ्यावरच्या लहान दुकानांनाही बिअर विकण्याची मुभा मिळाली. माल त्यांना घाऊक भावाने एलसीबीओच देते, पण त्यांच्या फ्रीजमध्ये संध्याकाळी किती डबे उरले, ते माझ्या प्रोग्रामला कळत नाही. ग्राहकाची सोय वाढली, पण माझ्या नकाशावरचा कोरा भागही वाढला!

नानाकाका, कोल्हापूर: साठा आहे, पण देता येत नाही, असा प्रकार तिथे असतो का? आमच्याकडे तपासणी बाकी असलेला माल कार्डावर दिसे, पण मागणीपत्र आले तरी हलवता येत नसे.

बाळूदादा, टोरांटो: मार्च 2025 मध्ये तसेच घडले. अमेरिकेने लादलेल्या आयातशुल्काला उत्तर म्हणून एलसीबीओने अमेरिकी मद्य फळ्यांवरून उतरवले. माल नष्ट झाला नव्हता, पण विक्री थांबली होती. त्यामुळे ‘नग किती’ आणि ‘विक्री चालू आहे का’ हे दोन प्रश्न स्वतंत्रपणे विचारले पाहिजेत, हे माझ्या पक्के लक्षात आले.

नानाकाका, कोल्हापूर: मग आणखी एक रकाना वाढव, आकडा शेवटचा कधी बदलला त्याचा. मागणी असलेल्या मालाचा आकडा दोन आठवडे दोनवरच अडून बसला, तर ते दोन नग तिथे नाहीत असे खुशाल समज. आम्ही मोजणीला पहिल्यांदा अशीच कार्डे बाजूला काढत असू.

बाळूदादा, टोरांटो: रोजचे आकडे साठवलेलेच आहेत काका, त्यामुळे ते सोपे आहे. या शनिवारी हा रकाना जोडतो आणि अशा अडलेल्या नोंदी करड्या रंगात दाखवतो.

सुमाआत्या, पुणे: रकाना जरूर जोड. मात्र फोनवर निरोप आला म्हणून प्रत्येक वेळी दुकानात गेलेच पाहिजे असे नाही, हेही त्या प्रोग्रामला शिकव.