तोवे यान्सन म्हणजे फक्त मुमिन नव्हे

तोवे यान्सन म्हणजे मुमिन या गोलमटोल काल्पनिक प्राण्यांच्या गोष्टी लिहिणारी-काढणारी फिनलंडची लेखिका-चित्रकार. 'मुमिन म्हणजे निव्वळ पोरांचं' असं कुणीतरी म्हटलंय म्हणून लिहितोय, अहो याच बाईनं १९३८ ला गार्म या व्यंगचित्रांच्या मासिकात हिटलरला केकसाठी भोकाड पसरणारं हट्टी पोर म्हणून काढलं होतं, तेही फिनलंडात बसून! मग १९५४ पासून लंडनच्या ईव्हनिंग न्यूज या पेपरसाठी आठवड्याला सहा मुमिन कॉमिक स्ट्रिप्स, त्या रगाड्याला वैतागून शेवटी सगळं भाऊ लार्सच्या गळ्यात. आणि तूलिक्की पिएतिला, तिची शेवटपर्यंतची जोडीदार. १९७१ ला फिनलंडात समलैंगिक संबंध गुन्हा राहिले नाहीत, त्याच वर्षी दोघी जगप्रवासाला निघाल्या, जपान, हवाई, मेक्सिको, अमेरिका... जपानात तूलिक्कीनं मूव्ही कॅमेरा घेतला न मग काय, जिथंतिथं शूटिंग! मला तर ते फुटेज स्ट्रिप्सपेक्षा भारी वाटतं.