चाफ्याला हात लावू नका

मीनल ३०४: नमस्कार सर्वांना 🙏 गेटजवळच्या चाफ्याबद्दल माळीभाऊंना विचारलं तर म्हणाले, "दो सौ दो वाले साहब बोले सूख गया है, सोमवार को काट देंगे." हे कोणी ठरवलं? मीटिंग कधी झाली?

सुहास २०२: वहिनी, ठरवलं नाही, नुसतं विचारलं. एक पान नाही त्याला. येणारे-जाणारे विचारतात, झाड मेलं का म्हणून.

प्रमोद ४०१: आणि तेवढ्या जागेत बरोब्बर एक गाडी बसते. योगायोग 😄

सुहास २०२: प्रमोद, प्रत्येक गोष्टीत गाडी आणू नकोस.

प्रमोद ४०१: मी कुठे आणली भिया, तुम्हीच आणली धनतेरसला.

सुलभाकाकू १०३: नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. बागेत कोणीतरी नळी सुरू ठेवून जातं. कृपया बंद करावी.

नाना १०१: सुहास, चाफा हिवाळ्यात पानं टाकतोच. फांदी नखाने जरा खरवड. आत हिरवं दिसलं, चीक आला, की जिवंत. खोड दाबून पिचपिचीत लागलं तरच काळजी. पालवी उन्हाळ्याच्या तोंडी येईल. तोवर पाणी जवळजवळ बंद, नाहीतर मुळं कुजतात.

वर्षा २०२: नाना, आमचे हे तर रोज संध्याकाळी नळी लावतात त्याला, जगावा म्हणून.

सुलभाकाकू १०३: म्हणजे नळी २०२ ची!!

प्रमोद ४०१: 😂😂 तोडायचाही आहे आणि जगवायचाही आहे

सुहास २०२: वर्षा, हे ग्रुपवर लिहायची गरज होती?

अस्मिता ३०१: विषय निघालाच आहे तर, परवा मागच्या भिंतीशी पानं कोणी जाळली? आईंना दमा आहे, रात्रभर बसून काढली त्यांनी. शहर स्वच्छतेत पहिलं म्हणून मिरवायचं आणि मागे हा धूर.

नाना १०१: पानं जाळायची, तीही इंदुरात! अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीशास्त्रज्ञाने १९२४ ते १९३१ इथेच, आपल्या कृषी महाविद्यालयाच्या आवारात, पालापाचोळा, शेण, राख, माती यांचे थर लावून साधारण तीन महिन्यांत खत करायची रीत बसवली. जगभर तिला इंदूर पद्धत म्हणतात. १९३५ साली गांधीजी येऊन बघून गेले.

प्रमोद ४०१: नाना, हे मागच्या वर्षीही सांगितलं होतं.

नाना १०१: मागच्या वर्षीही कोणी ढीग केला नाही.

सुहास २०२: ढिगात उंदीर होतात.

नाना १०१: उरलेली भाजी-पोळी टाकली की होतात. वाळक्या पानांत उंदीर काय खाणार? ढीग ओलसर ठेवायचा आणि अधूनमधून उलटायचा, एवढंच.

मीनल ३०४: उलटणार कोण, तेही सांगा. माळीभाऊ आठवड्यातून दोनदाच येतात, पगारवाढीचं आपण दिवाळीपासून टाळतोय.

(यावर बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही.)

सुलभाकाकू १०३: नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. कृपया नळी बंद करावी.

अस्मिता ३०१: नाना, गुलाबाला यंदा एक कळी नाही. का हो?

नाना १०१: छाटणी ऑक्टोबरच्या मध्यात हवी होती. छाटल्यावर दीडेक महिन्यात फुलं येतात. तेव्हा मी लिहिलं, तर फराळाच्या फोटोंत गेलं वाहून. आता निदान पाणी सकाळी ऊन आल्यावर द्या, संध्याकाळी नको. रात्रभर पानं ओली राहिली की बुरशी धरते. मोगऱ्याचं पाणीही कमी करा, जानेवारीअखेरीस छाटू. बाल्कनीतली तुळस थंडीच्या रात्री आत घ्या.

वर्षा २०२: तुळशीला मी जुनी ओढणी गुंडाळते, चालेल ना?

नाना १०१: चालेल. सकाळी काढत जा, ऊन लागू दे.

सचिव ४०३: सर्वांना नम्र विनंती, वैयक्तिक टीका टाळावी. चाफा सोमवारी तोडला जाणार नाही. खताचा विषय पुढच्या मीटिंगमध्ये घेऊ.

प्रमोद ४०१: कोणत्या सालच्या?

सुलभाकाकू १०३: नर्मदेचं पाणी एक दिवसाआड

सुहास २०२: काकू, कळलं हो. केली बंद.

वर्षा २०२: नाही केली. मी खालीच उभी आहे, वाहतंय.