सारामागो आणि नागरिकांची कर्तव्यं: नेमकं काय वाचायचं?

पारिजातक: वाचनगटात 'नागरिकाचं कर्तव्य' या विषयावर पोर्तुगीज कादंबरीकार जोसे सारामागो घेतोय. त्याचं नोबेल भाषण काढलं, तर त्यात आजोबा, आजी आणि डुकराची पिल्लं! कर्तव्याचा उल्लेख कुठे आहे? आणि कोऱ्या मतांची ती कादंबरी, 'सीइंग', म्हणजे आपला नोटाच ('वरीलपैकी कुणीही नाही') ना?

शाईचा डाग: तुम्ही ७ डिसेंबर १९९८ चं व्याख्यान वाचलंत. तुम्हाला हवंय ते १० डिसेंबरचं, मेजवानीतलं; अगदी छोटं आहे. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याला त्याच दिवशी ५० वर्षं झाली होती. सरकारं हक्क पाळत नाहीत, तेव्हा हक्क मागताना चढवतो तेवढाच आवाज आपण कर्तव्यांसाठीही चढवावा, असं त्याचं म्हणणं. हाच धागा धरून पुढे मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठात आणि सारामागो प्रतिष्ठानात मानवी कर्तव्यांच्या सनदेचं काम झालं. चर्चेत आपलं कलम ५१-अ कुणीतरी आणेलच, पण जपून. ती राज्यघटनेने नागरिकाला नेमून दिलेली कर्तव्यं. सारामागोचा रोख सत्तेला जाब विचारण्यावर आहे. पोर्तुगालच्या हुकूमशाहीत बंदी असलेल्या कम्युनिस्ट पक्षात १९६९ साली गेलेला माणूस तो.

कोरी पाटी: नोटा नव्हे. २००४ च्या त्या कादंबरीत राजधानीत ७० टक्क्यांवर मतं कोरी निघतात, आठवड्याने फेरमतदानात ८३ टक्के. सरकार शहराला वेढा घालून स्वतःच बाहेर पडतं. हा बहिष्कारही नाही: सकाळभर पाऊस, केंद्रं ओस, आणि दुपारी चारला लोक रांगा लावतात. गटात नेमकं हेच निसटतं. पोर्तुगालमध्ये काहीही खूण न करता मतपत्रिका पेटीत टाकली की ते कोरं मत. वेगळं मोजतात, पण जागावाटपात धरत नाहीत. तिथल्या घटनेचं कलम ४९ मतदानाला नागरी कर्तव्य म्हणतं, तरी न करणाऱ्याला दंड नाही. आपल्याकडे नोटाचं स्वतंत्र बटण आहे. लोकसभा-विधानसभेला नोटा पहिला आला तरी त्याखालचा उमेदवार निवडून येतो. महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने मात्र २०१८ मध्ये स्थानिक संस्थांसाठी अशा वेळी फेरनिवडणुकीचा आदेश काढला. कादंबरीशी ताडून बघायला तोच जास्त कामाचा.

शाईचा डाग: आणि आधी १९९५ ची आंधळेपणावरची कादंबरी, 'ब्लाइंडनेस', वाचा, कारण त्यातली डॉक्टरची बायको दुसरीत परत येते. त्याच्या संवादांना अवतरणचिन्हं नसतात. इंग्रजी प्रतीत स्वल्पविरामानंतर मोठं अक्षर दिसलं की बहुतेकदा बोलणारा बदललेला असतो. दोघांनी आळीपाळीने मोठ्याने वाचलं तर गोंधळ होत नाही.