मदत हवी आहे: आजीच्या सुईला जोड मिळेना

टिळकवाडीची नात: लवकर सांगा की कुणीतरी. अर्धा स्वेटर सुईवर आहे आणि दुसरी सुई हरवलीय. बेळगावच्या बाजारात, गणपत गल्लीत गेले तर 'नंबर काय?' विचारतात. नंबर पुसून गेलाय. काय करू?

शहापूरची काकू: सुई स्टीलची की अ‍ॅल्युमिनियमची? लोकर किती पदरी? विणतंय कोण?

टिळकवाडीची नात: आजी विणत होती. फेब्रुवारीत गेली. स्टीलची आहे. डब्यात 13 सुया आहेत, सगळ्या जाडीला वेगवेगळ्या वाटतात. ह्या सुईचा मधला भाग तिच्या बोटांनी आरशासारखा झालाय. टाके उसवणार नाही.

निपाणीकर: गोल सुई घ्या, केबलवाली. टाके निसटत नाहीत. मी सरळ सुया कधीच सोडल्या.

टिळकवाडीची नात: तिच्याच सुईवर पुरा करायचाय.

खानापूरची सून: 8 नंबर घ्या. आमच्यात सगळे स्वेटर त्यावरच.

शहापूरची काकू: असं डोळे झाकून सांगू नका हो. 8 म्हणजे 4 मिमी, 10 म्हणजे 3.25. जुन्या नंबरात आकडा वाढला की सुई बारीक. अमेरिकन नमुन्यात उलटं, तिथली 8 नंबर 5 मिमीची. चुकीची घेतली तर आजीच्या विणीखाली पट्टा दिसेल.

खानापूरची सून: आम्ही 30 वर्षं विणतोय, काकू. आणि लोकरीत कडुलिंबाचा पाला घाला, आमच्याकडच्या पावसात कसर लागते.

कारखानदार: उद्यमबागेतल्या कारखान्यांत कुणी ओळखीचं आहे? व्हर्नियरनं, म्हणजे जाडी मोजायच्या पट्टीनं, मिनिटात कळेल. टोकाला नको, मधे मोजा.

शहापूरची काकू: आधी टाके जाड दोऱ्यावर उतरव बाळ. गंज असेल तर बारीक पॉलिश पेपर, मग कोरड्या फडक्यानं पूस. तेल नको, लोकरीला डाग पडतो. आणि टाक्याचं माप उजव्या हातातली सुई ठरवते. डावीकडची थोडी बारीक असली तरी चालते.

टिळकवाडीची नात: मोजली. 3.25! 10 नंबर मिळाली, नवी आहे, हातात गार लागते. काकू, पाठ पुरी आहे, पुढचा भाग काखेपर्यंत. गळा कुठून घटवायचा? आजीनं लिहून नाही ठेवलेलं.

शहापूरची काकू: पाठीच्या काखेपासून खांद्यापर्यंत ओळी मोज. किती आहेत?

टिळकवाडीची नात: 52.

शहापूरची काकू: बाळाचा की मोठ्याचा?