लिमिनल स्पेसला मराठीत काय म्हणायचं? ‘उंबरठा’ काही पटत नाहीये

धाकट्या भावाने सुट्टीत मला एक गेम लावून दिला, पूल्स नावाचा, २०२४ मधला. त्यात काहीच होत नाही, म्हणजे खरंच काही नाही, पांढऱ्या टाइल्सच्या खोल्या, पोहायचे तलाव, जिने, परत खोल्या, मागे लागणारं भूत नाही की बंदूक नाही, फक्त आपल्या पावलांचा आणि पाण्याचा आवाज. तरी वीस मिनिटांत मी हेडफोन काढून ठेवला.

अशा रिकाम्या, उगाच अस्वस्थ करणाऱ्या जागांना इंटरनेटवर ‘लिमिनल स्पेस’ म्हणतात. आता कॉलेजच्या अंकासाठी यावर लिहायला घेतलं तर संपादक मुलाने माझ्या ‘लिमिनल स्पेस’चं ‘उंबरठा-अवकाश’ करून टाकलं. मूळ बघितलं तर त्याचं बरोबर आहे, लॅटिन लिमेन म्हणजे उंबरठाच, आणि मानववंशशास्त्रज्ञ व्हॅन गेनेपने १९०९ साली संस्कारविधींवर लिहिताना हा शब्द वापरला तोही त्याच अर्थी: जुनं सुटलंय, नवं अजून मिळालं नाही, अशी मधली अवस्था. पुढे व्हिक्टर टर्नरने तो आणखी चालवला. पण मराठीत उंबरठा म्हटलं की मला रांगोळी दिसते, हळदकुंकू दिसतं, माप ओलांडणारी नवरी दिसते. त्या गेममध्ये यातलं काय आहे?

—

अहो, उंबरठ्याला इतकं सोज्वळ समजू नका. मी सदाशिव पेठेत वाढलो, तिन्हीसांजेला उंबरठ्यावर बसलं की आजी पाठीत धपाटा घालायची. नरसिंहाने हिरण्यकशिपूला कुठे मारला? ना घरात ना बाहेर, ना दिवसा ना रात्री. देहलीदीपन्याय म्हणतात तो दिवाही उंबरठ्यावर असतो म्हणूनच दोन्हीकडे उजेड पाडतो. मधल्या जागेचं भय आपल्याकडे चांगलं जुनं आहे, शब्द बदलायचं कारण दिसत नाही.

—

‘संक्रमण अवकाश’ सुचवणार होतो पण ते सरकारी परिपत्रकातलं वाटतं, आणि तिळगूळ आठवतो.

—

काकांचं पटलं, पण गेमवाले जे म्हणतात ते वेगळंय. हे सगळं मे २०१९ मध्ये फोरचॅन या इंटरनेट फोरमवर आलेल्या एका फोटोवरून पेटलं, बॅकरूम्स. पिवळट भिंती, ओलसर गालिचा, ट्यूबलाइटची घूं, आणि कल्पना अशी की तुम्ही चुकून वास्तवातून ‘नोक्लिप’ होता आणि तिथे पडता. नोक्लिप हा क्वेकसारख्या जुन्या गेममधला चीट, तो लावला की भिंती तुम्हाला अडवत नाहीत, थेट आरपार. २०२२ मध्ये केन पार्सन्स नावाच्या पोराने त्यावर व्हिडिओ केला आणि मग गेमचा पूरच आला.

आमचं गाव भोरकडचं. आमच्याकडे याला सरळ चकवा म्हणतात. रात्री शेतावरून निघालेला माणूस तासभर चालून परत त्याच बाभळीपाशी येतो. आजोबा सांगायचे, चकवा लागला की गप बसून राहायचं उजाडेपर्यंत, घाबरून चालत सुटलास तर आणखी लागतो. एक्झिट ८ खेळून बघ, २०२३ चा जपानी गेम आहे, भुयारी स्टेशनचा एकच पॅसेज परत परत येतो, काही बदललेलं दिसलं तर मागे वळायचं, नाही दिसलं तर पुढे, चुकलास की परत शून्यावर. हा चकवा नाही तर काय आहे? फक्त बाभळीच्या जागी टाइल्स.

—

चकवा एकदम मस्त! पण चकवा वाटेला लागतो, किंवा माणसाला. जागा नुसती उभी असताना जे वाटतं त्याचं काय? पुण्यात सिव्हिल कोर्ट मेट्रो स्टेशनवर शेवटच्या गाडीने उतरून बघा, साधारण ३३ मीटर खोल, सरकते जिने रिकामेच वर चाललेत, सगळीकडे पांढरा उजेड. तिथे मला चकवा लागत नाही, बोर्ड आहेत, एक्झिट दिसतोय. तरी पाय उचलतो आपोआप.

—

किंवा लग्न उरकल्यावर दुपारी चारचं मंगल कार्यालय. खुर्च्या एकावर एक, स्टेजवर अर्धं सोडवलेलं डेकोरेशन, कोणीतरी विसरलेली लहान मुलाची चप्पल, आणि पंखे तेवढे चालू.

—

मूळ प्रश्नवाली परत आले. चप्पल वाचून काटा आला राव. ‘भकास’ आणि ‘ओकंबोकं’ दोन्ही लिहून बघितले, पण भकास म्हटलं की धूळ आणि पडझड येते, आणि इथल्या टाइल्स लख्ख आहेत, दिवे चालू आहेत, फक्त माणूस नाही.

काका, तुमच्या बाजूने एक सापडलं. तो बॅकरूम्सचा मूळ फोटो कुठला ते २०२४ मध्ये शोधून काढलं लोकांनी: अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशचं एक जुनं फर्निचरचं दुकान, २००२ मध्ये आत दुरुस्ती चालू असतानाचं. म्हणजे जुनं दुकान गेलेलं, नवं अजून यायचंय, ती जागा खरोखरच उंबरठ्यावर होती! पण आपण ‘साठीच्या उंबरठ्यावर’, ‘यशाच्या उंबरठ्यावर’ म्हणतो तेव्हा पलीकडे काहीतरी असतंच ना. गेममध्ये पलीकडे पण तीच खोली. उंबरठा जागेला होता, खेळणाऱ्याला नाही.

मग काल आईला मागे बसवून गेम दाखवला. ती पोळ्या करून आली होती, पाच मिनिटं बघून म्हणाली, “बंद कर गं, नुसतं खायला उठतंय.” आणि तेच हवं होतं की मला! घर खायला उठतं तेव्हा घरात कोणी नसतं, घर तेच असतं, भिंती त्याच, तरी ती भिंतच अंगावर येते. भूत लागत नाही त्याला.

तर अंकात असं चाललंय: जागेला ‘खायला उठणारी जागा’, खेळाच्या रचनेला ‘चकवा’, आणि उंबरठा फक्त शब्दाचं मूळ सांगताना एकदा. संपादक म्हणतोय शीर्षकात बसत नाही.

—

शीर्षकात ‘चकवा’ टाका, बसेल. उंबरठा एकदा का होईना ठेवलात, आजीला बरं वाटलं असतं.

—

आणि नोक्लिपचं काय करणार? ‘आरपार पडणे’ चालेल का?

—

आमच्याकडे विहिरीवरची कुजकी फळी मोडून माणूस आत गेला की ‘गपकन आत गेला’ म्हणतात. आरपारपेक्षा ते बरं.